टेम्पो सांगितला का?

रूम बदलायचीये. सामान बांधून झालंय, मालकाने डिपॉझिटवरून घातलेला घोळही निस्तरलाय. आता मित्राचा फोन येतो आणि त्याचा पहिला प्रश्न काय असतो? ‘टेम्पो सांगितला का?’

गणपती आणायचा, टेम्पो. ताईच्या लग्नातलं कपाट पोचवायचं, टेम्पो. मग दारात येऊन उभी राहणारी गाडी टाटाची असो, महिंद्राची असो नाहीतर लेलँडची, आपण तिला टेम्पोच म्हणतो. शब्द इतका घरचा झालाय की तो आला कुठून, हे विचारायचं सुचतही नाही.

तर टेम्पो हे एका कंपनीच्या गाड्यांचं नाव होतं. जर्मनीतल्या कंपनीच्या. आणि गंमत अशी की तिथे आज कुणाकडे ‘टेम्पो’ मागितलात तर तो खिशातून कागदी रुमाल काढून देईल. त्या नावाचे रुमाल तिथे घरोघरी आहेत. गाडी मात्र विस्मरणात गेली.

गोष्ट सुरू होते हॅम्बुर्गमध्ये, १९२४ साली. विडाल नावाच्या कुटुंबाची कंपनी छोट्या तीनचाकी मालगाड्या बनवायला लागली. १९२८ मध्ये जर्मनीत एक नियम आला, २०० सीसीपर्यंतच्या गाडीला लायसन्स नको, टॅक्सही नको. समजा तुम्ही तिथले बेकरीवाले आहात. ट्रक परवडत नाही आणि घोडागाडीने आता भागत नाही. मग ही तीनचाकी म्हणजे लॉटरीच की! टेम्पो कंपनी वाढली ती अशा गिऱ्हाइकांवर.

दुसरं महायुद्ध संपलं आणि १९४९ मध्ये कंपनीने दोन गाड्या आणल्या. एक तीनचाकी, हान्सियाट. इंजिन थेट पुढच्या एकुलत्या चाकावर बसवलेलं. दुसरी चारचाकी व्हॅन, मॅटाडोर. म्हणजे बैलाशी झुंजणारा स्पॅनिश गडी! मॅटाडोरचं डोकं भारी होतं. इंजिन पुढे आणि ताकदही पुढच्याच चाकांना. त्यामुळे मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्टच नाही, आणि शाफ्ट नाही म्हणून हौदा जमिनीच्या जवळ आणि सपाट. दिवसातून पन्नास वेळा पोती चढवा-उतरवायची असतील, तर वीतभर उंचीचा फरक काय असतो ते हमालाला विचारा. तोटाही होता म्हणा. मागे माल ठासून भरला की चढावर पुढची चाकं हलकी पडून घसरायची.

पण खरी मेख वेगळीच होती. गाडी यांची, इंजिन मात्र फोक्सवॅगनचं. २५ हॉर्सपॉवरचं, बीटलमधलं. आणि १९५० मध्ये फोक्सवॅगनने स्वतःचीच व्हॅन काढली. तुम्ही फोक्सवॅगनच्या जागी असता तर काय केलं असतं? त्यांनीही तेच केलं. १९५२ मध्ये इंजिनं देणं बंद! टेम्पोवाल्यांनी मग आधी हाइन्केलची आणि पुढे ब्रिटनच्या ऑस्टिनची इंजिनं बसवून गाडी चालू ठेवली. पण दुसऱ्याच्या जिवावर किती दिवस निघणार? साठचं दशक संपेपर्यंत विडाल कुटुंबाची कंपनी पूर्णपणे हॅनोमागकडे गेली आणि तिथून धंदा गेला डाइमलर-बेंझकडे. तीच व्हॅन मग मर्सिडीजचा तारा लावून फिरायला लागली.

तोवर इकडे आपल्याकडे भलतंच काही घडत होतं.

अहमदनगरचे नवलमल फिरोदिया. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेला माणूस. पुण्याच्या रस्त्यावर ऑटोरिक्षा आणण्यात त्यांचा मोठा हात होता, ती गोष्ट पुन्हा कधीतरी. १९५८ मध्ये त्यांनी टेम्पो कंपनीशी करार केला आणि मुंबईत गोरेगावला हान्सियाट तयार व्हायला लागली. कंपनीचं नाव बजाज टेम्पो. आता बघा, जर्मनीत ही तीनचाकी १९५६ मध्येच बंद झाली होती. लोकांच्या हातात पैसा आला होता, त्यांना चार चाकं हवी होती. म्हणजे आपण त्यांचा उतरलेला माल घेतला का? असं म्हणणारे आजही भेटतात. मला ते पटत नाही. मंडईत एका बाजूला हातगाडी आणि बैलगाडी, दुसऱ्या बाजूला अवाढव्य ट्रक, मधे काहीच नाही, अशी आपली अवस्था होती. त्या मधल्या जागेत बसणारी गाडी आपल्याला हवी होती, आणि हान्सियाट तिथे बरोब्बर बसली.

१९६४ मध्ये कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला आला. १९६९ मध्ये आली मॅटाडोर.

आई-बाबांना विचारा, त्यांच्याकडे मॅटाडोरची एकतरी आठवण निघेलच. कुणी तिच्यातून शाळेत गेलंय, कुणी वऱ्हाडाबरोबर. तीच दुधाची गाडी आणि तीच ॲम्ब्युलन्स. आणि मुख्य म्हणजे ती एका माणसाच्या धंद्याच्या मापाची होती. ट्रक घ्यायचा तर मोठं भांडवल, दोन ड्रायव्हर, क्लीनर, आठवडाभर घराबाहेर. मॅटाडोर एकट्याने चालवायची, गावातल्या गावात भाडी मारायची, रात्री घरी जेवायला. हप्ते फिटले की मागे ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ लिहायचं. पोरगा कुठे नोकरीला आहे, या प्रश्नाला ‘त्याचा स्वतःचा टेम्पो आहे’ हे उत्तर तेव्हापासून चालायला लागलं. जम्मूत तर मिनीबसला सरळ मॅटाडोरच म्हणतात.

ऐंशीच्या दशकात बजाज टेम्पोने इंजिनासाठी डाइमलर-बेंझशी करार केला आणि मॅटाडोरमध्ये मर्सिडीजचं डिझेल इंजिन आलं. म्हणजे ज्यांनी जर्मनीतली मूळ टेम्पो गिळली, त्यांचंच! पुढची गोष्ट तर आणखी भारी. मर्सिडीजने १९७७ मध्ये जर्मनीतली ती जुनी व्हॅन बंद करून तिच्या जागी नवी आणली होती. त्याच नव्या व्हॅनवरून १९८७ मध्ये बजाज टेम्पोने एक गाडी काढली. तिचं नाव टेम्पो ट्रॅव्हलर. हो, तीच. ट्रेकला पहाटे चारला स्वारगेटहून निघते ती. तिकडे पोरीने आईची जागा घेतली, आणि इकडे काही वर्षांत तेच झालं.

२००५ मध्ये कंपनीचं नाव बदलून फोर्स मोटर्स झालं. टेम्पो हे नाव कंपनीच्या पाटीवरून उतरलं. त्याच वर्षी टाटांनी एस आणली, आपला छोटा हत्ती. दोन सिलिंडरचं जेमतेम ७०० सीसीचं इंजिन. ती बनवण्याआधी टाटांची टीम तीनचाकीवाल्यांना भेटत फिरत होती. त्यातल्या एकाने म्हणे सांगितलं, चारचाकी असली तर गावात लग्नाची स्थळं बरी येतील. हा किस्सा टाटांच्या लोकांनीच पुढे अनेकदा सांगितलाय. तर अशी ही टाटांची गाडी. तिलाही आपण हाक मारतो ती टेम्पो म्हणूनच.

मॅटाडोर आता रस्त्यावर क्वचित दिसते. पण गावाकडे गेलात तर एखाद्या गॅरेजमागे नाहीतर गोठ्याच्या कडेला उभी सापडेल, पत्रा गंजलेला, आत कोंबड्या. मालकाला विचारा आणि खाली वाकून बघा. पुढच्या चाकांपासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा दांडा दिसणार नाही.