मेणाआडचे रंग

इंदूरपासून सुमारे ५५ किलोमीटरवर, उज्जैनला लागून क्षिप्रेच्या काठी वसलेल्या भैरवगढात, ज्याला माळव्यात भेरूगढ म्हणतात, छिपा समाजाचे कारागीर बाटिक करतात, म्हणजे कापडाचा जो भाग रंगापासून वाचवायचा त्यावर वितळलेले मेण लावून उरलेला भाग रंगवतात. या कलेचे सर्वांत सूक्ष्म रूप जावा बेटावर घडले. १९२७ साली रवींद्रनाथ ठाकूर तेथे जाऊन आल्यावर शांतिनिकेतनात बाटिकचे शिक्षण रुजले आणि भारतातील शिकलेल्या वर्गाला तिची गोडी लागली. उज्जैनच्या बाटिकला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे उचितच झाले.

नवशिक्याची खरी परीक्षा हातापेक्षा आधी बुद्धीची असते, कारण येथे चित्र उलट्या क्रमाने विचारात घ्यावे लागते. जे पांढरे राहायचे ते प्रथम मेणाने झाकून कापड पिवळ्या रंगात बुडवतात, मग जे पिवळे राहायचे ते झाकून लाल रंगात, आणि शेवटी काळपट रंगात. प्रत्येक रंग आधीच्या रंगावर चढत असल्याने फिक्याकडून गडदाकडे जाण्यावाचून गत्यंतर नसते आणि एकदा चढलेला गडद रंग मागे घेता येत नाही. म्हणून साडीचा हट्ट न धरता सुती रुमालावर दोनच रंगांनी आरंभ करणे शहाणपणाचे.

मेणाची उष्णता हा दुसरा कळीचा विषय. मेण थंडावलेले असेल तर ते कापडाच्या पृष्ठभागावरच बसते आणि मागच्या बाजूने रंग आत शिरतो. फार तापले तर ते रेषेबाहेर पसरते, धूर सोडते आणि पेटूही शकते. त्यामुळे घरी ते थेट आचेवर न ठेवता उकळत्या पाण्यातील भांड्यात वितळवावे, आणि पेटलेच तर पाणी न ओतता घट्ट झाकण ठेवावे. नुसते पॅराफिन ठिसूळ असते. त्यात मधमाशांचे मेण मिसळले की ते लवचिक होते. पॅराफिनला गेलेल्या तड्यांतून रंग झिरपून ज्या बारीक शिरा उमटतात त्या बाटिकचे खास सौंदर्य आहेत, मात्र त्या किती हव्यात हे मिश्रणाच्या प्रमाणावरूनच ठरवावे लागते.

गरम रंगात मेण वितळेल, म्हणून रंग थंड पाण्यातच चढणारा हवा. कारागीर नॅप्थॉल रंग वापरतात, ज्यात कापड आधी एका द्रावणात व नंतर दुसऱ्यात बुडवल्यावर रंग प्रकट होतो; पण त्यात कॉस्टिक सोडा लागत असल्याने घरच्या प्रयोगाला थंड पाण्यात धुण्याच्या सोड्यासह चढणारे रिअ‍ॅक्टिव्ह रंग बरे.

अखेरीस कापड उकळत्या पाण्यात घातले की मेण सुटून वर तरंगते. ते पाणी गरम असताना मोरीत ओतू नये, कारण थंड होताच मेण नळीत गोठते. पाणी निवल्यावर वर जमलेला मेणाचा थर उचलून, वाळवून, पुढच्या कापडासाठी वापरता येतो.