घरचे, ताजे, स्वस्त (लेखांक ९) : हमस

हमस म्हणजे शिजवलेले काबुली चणे, तिळाची ताहिनी, लिंबू, लसूण आणि मीठ यांचे लोण्यासारखे मऊ वाटण. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईन या भागांत तो न्याहारीचा साधा पदार्थ आहे. वाकड, पिंपळे सौदागरच्या सुपरमार्केटांत मात्र तो लहानशा डब्यांत, चैनीच्या भावाने विकला जातो. खरे तर त्यातला एकही जिन्नस इकडे परका नाही. हरभरा जगात सर्वांत जास्त भारतातच पिकतो आणि काबुलीचे ‘विराट’, ‘कृपा’ हे वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे आहेत. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलेल्या पिंपरी कॅम्पातल्या किराणा दुकानांत काबुली चणे आणि पांढरे तीळ सुटे मिळतात.

चणे शेवटी वाटायचेच असतात, त्यामुळे टपोऱ्या दाण्याचे जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. लहान दाणाही चालतो, फक्त तो जुना नसावा. वर्ष-दीड वर्ष पडून राहिलेला चणा कितीही शिट्ट्या दिल्या तरी आतून कचकचीत राहतो.

पाव किलो चणे अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून रात्रभर भिजवावेत. सकाळी ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात चिमूटभर सोडा टाकून कुकरला सहा-सात शिट्ट्या आणि मंद आचेवर आणखी दहा मिनिटे द्यावीत. इथे पाण्याचा प्रश्न येतो. पिंपरी-चिंचवड महापालिकेचे बरेचसे पाणी पवना नदीतून रावेतला उचलून निगडीच्या केंद्रात शुद्ध केले जाते आणि त्यात डाळी सहसा नीट शिजतात. चाकण, मोशीकडे बोअरवेलवर किंवा टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत पाणी जड असते. त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम चण्याच्या पेशी सांधणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरतात आणि दाणा मऊ होत नाही. सोडा नेमका उलटे काम करतो. पेक्टिन विरघळवतो, सालेही सैल करतो. पाणी फारच जड असेल तर भिजवण्यापासून शिजवण्यापर्यंत आरओ फिल्टरचे पाणी वापरावे. चणा चिमटीत धरताच त्याचे पीठ झाले पाहिजे. भाजीसाठी शिजवतो तेवढा शिजवून भागत नाही.

विकतच्या हमसमध्ये खरा खर्च ताहिनीचा, आणि ती घरी करणे मुळीच अवघड नाही. पॉलिश केलेले पांढरे तीळ मंद आचेवर तीन-चार मिनिटे, तडतडू लागेपर्यंतच भाजावेत. तांबूस झाले की कडू लागतात. कोमट असतानाच मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवावेत. आधी तिळकूट होते, मग गोळा धरतो आणि शेवटी तेल सुटून पातळ पेस्ट होते, कारण तिळाचे निम्मे वजन तेलाचेच असते. गोळा फिरेनासा झाला तर दोन चमचे साधे तेल घालावे. मूठभर तीळ पात्याखाली सापडत नाहीत, म्हणून पाव किलो एकदम वाटून उरलेली ताहिनी बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवणे सोयीचे. संक्रांतीच्या तोंडावर तीळ महागतात, तेव्हा काहीजण शेंगदाणे वापरतात. पदार्थ चविष्टच होतो, पण त्याला हमस म्हणवत नाही. काटकसर करायचीच तर काबुलीऐवजी हरभऱ्याची डाळ घ्यावी: रंग पिवळा येतो, पण साल नसते आणि डाळ लवकर शिजते. तिळाला मात्र हात लावू नये.

आता जुळणी. चार पाकळ्या लसूण ठेचून दोन लिंबांच्या रसात मीठ घालून दहा मिनिटे ठेवावा. आंबटपणाने लसणाचा उग्रपणा कमी होतो. त्यात पाच-सहा मोठे चमचे ताहिनी आणि थोडे थोडे बर्फाचे पाणी घालत फिरवावे. पहिल्या चमच्यालाच मिश्रण थिजल्यासारखे घट्ट होते. ते बिघडले असे समजून तेल ओतले जाते, आणि तिथेच चूक होते. आणखी पाणी घालत राहिले की ते पांढरे, मऊसूत होते. मग गरम चणे घालून थांबत थांबत तीन-चार मिनिटे वाटावेत. मिक्सर तापून बंद पडलाच तर थोडा गार होऊ द्यावा आणि तळाचे लाल बटण दाबावे.

एवढ्यात साधारण पाऊण किलो हमस होतो. ऑलिव्ह तेलाचा हट्ट नको. ते वाटणात लागतच नाही, वरून ओतायला घाण्याचे शेंगदाणा तेल पुरते. वर जिरेपूड, लाल तिखट भुरभुरावे आणि काकडी, गाजर, पोळी किंवा ज्वारीच्या भाकरीबरोबर खावा.

फ्रीजमध्ये हमस चार दिवस टिकतो. शिफ्टच्या डब्यात न्यायचा तर थंडगार भरावा आणि कंपनीत पोहोचताच फ्रीजमध्ये ठेवावा. एप्रिल-मेच्या उन्हात तासाभराहून अधिक बाहेर राहिलेला हमस सरळ टाकून द्यावा.