व्हेंटिलेटर मोजले, उंची कोण मोजणार?

सरकारी रुग्णालयात व्हेंटिलेटर धूळ खात पडल्याची बातमी आली की दोन दिवस आरडाओरड होते आणि चर्चा यंत्रांच्या संख्येपाशी येऊन थांबते. यंत्रे हवीतच. पण हे यंत्र आजार बरा करत नाही, फक्त वेळ मिळवून देते. आणि हवेचे माप चुकले तर त्याच फुप्फुसाला इजा करते. १९७४ मध्ये वेब आणि टियर्नी या संशोधकांनी निरोगी उंदरांच्या फुप्फुसांत जास्त दाबाने हवा भरली, तेव्हा तासाभरात त्यांत पाणी झाले. माणसांच्या बाबतीत खरा उलगडा केला तो इटलीच्या लुचानो गॅटिनोनी यांनी. एआरडीएस, म्हणजे फुप्फुसांना तीव्र इजा होऊन श्वास अपुरा पडण्याचा आजार, झालेल्या रुग्णाचा एक्स-रे सगळा पांढरा दिसे, म्हणून फुप्फुस सगळीकडे सारखेच बिघडून ताठर झाले असे डॉक्टर धरून चालत. ऐंशीच्या दशकात गॅटिनोनींनी सीटी स्कॅन काढले. उताण्या रुग्णाच्या पाठीकडचा भाग मिटलेला, पुढचा थोडा भाग मात्र जवळजवळ धडधाकट! हवा खेळत होती ते फुप्फुस जेमतेम पाच-सहा वर्षांच्या मुलाएवढे. म्हणजे ते ताठर झाले नव्हते, लहान झाले होते. 'बेबी लंग' हे नाव तिथून रुळले. एवढ्याशा जागेत मोठ्या माणसाच्या मापाची हवा कोंबली तर काय होणार, हे वेगळे सांगायला नको.

तरीही कमी हवेने जीव वाचतात याचा पुरावा यायला २००० साल उजाडले. अमेरिकेत अशा ८६१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत एका गटाला दर श्वासाला वजनाच्या किलोमागे १२ मिलिलिटर हवा दिली, दुसऱ्याला ६. मृत्यूचे प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ वर आले. गंमत अशी, की पहिल्या काही दिवसांत रक्तातला ऑक्सिजन जास्त हवेच्या गटातच बरा होता. मॉनिटरवरच्या आकड्याने समाधान मानणाऱ्यांना याहून स्पष्ट इशारा कोणता हवा? १२ हे माप मुळातच जास्त होते, त्यामुळे तुलना एकतर्फी झाली, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. तो अगदीच चुकीचा नाही. ६ हा काही मंत्र नव्हे. फुप्फुस किती लवचीक उरले आहे त्यावर माप ठरावे, असे ब्राझीलचे संशोधक अमातो यांचे २०१५ मधले विश्लेषणही सुचवते. कमी हवेने कार्बन डायऑक्साइड साठतो हेही खरे, पण मर्यादेत तो बहुतेक रुग्णांना सोसतो.

यातला किलो मात्र वजनकाट्यावरचा नव्हे. माणूस जाडा झाला म्हणून फुप्फुस मोठे होत नाही, म्हणून वजन उंचीवरून काढायचे. किलोमागे ६ च्या हिशेबाने १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईला दर श्वासाला साधारण ३१५ मिलिलिटर पुरतात. तिचे ८० किलो वजन धरले तर तेच ४८० होतात. उंची नजरेने ठरवली की बुटक्या माणसांना, विशेषतः बायकांना, जास्त हवा जाते. २०१६ मध्ये ५० देशांतल्या ४५९ आयसीयूंची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा एआरडीएसच्या एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांना किलोमागे ८ मिलिलिटरपेक्षा जास्त हवा मिळत होती. तेव्हा घरचे कुणी व्हेंटिलेटरवर असेल, तर यंत्र कोणत्या कंपनीचे हे विचारण्याआधी उंची टेपने मोजली का, एवढे जरूर विचारा.