‘मोटर जळाली’ असं ठरवण्याआधी

आमच्या घरचा ८ मिलिमीटरचा प्रोजेक्टर कितीतरी वर्षं माळ्यावर पडून होता. खाली काढून प्लग लावला, तर आतून नुसतं गुणगुणणं ऐकू आलं; चाक तसूभरही हललं नाही. दुरुस्ती करणाऱ्याने झाकण न उघडताच निकाल दिला, ‘‘मोटर जळालीय, वाइंडिंग करावं लागेल.’’ ते केलं नाही हे बरं झालं, कारण मोटर ठणठणीत होती. गिअरमधलं ग्रीस तेवढं वाळून मेणासारखं घट्ट झालं होतं.

हा गैरसमज सर्वांत मोठा, आणि त्यापायी चांगली यंत्रं भंगारात जातात. मोटर गुणगुणते याचा अर्थ तिच्यापर्यंत वीज पोचते आहे, पण तिला फिरता येत नाही. जळालेल्या वाइंडिंगची खूण वेगळी असते: करपलेल्या वार्निशचा वास आणि काळी पडलेली तार. तेव्हा आधी प्लग काढा. फिल्म हाताने पुढे सरकवायची घुंडी बहुतेक प्रोजेक्टरांना असते, ती फिरवून बघा. घट्ट लागली तर पट्टा उतरवा आणि मोटरचा दांडा बोटांनी फिरवा. दांडा सहज फिरला तर अडचण पुढच्या यंत्रणेत आहे. तोही अडला तर मोटरच्या बुशांत. दोन्ही मोकळे असून मोटर नुसती गुणगुणत असेल आणि तिला कपॅसिटर जोडलेला असेल, तर संशय त्या कपॅसिटरवर घ्या. मात्र अडलेली मोटर ‘सुटेल आपोआप’ म्हणून चालू ठेवू नका. तशी ठेवली तर ती खरोखरच जळते.

दुसरा समज तेलाचा. गंज सोडवणारा स्प्रे मारला की दोन मिनिटांत यंत्र फिरू लागतं, म्हणून लोकांना तो रामबाण वाटतो. वस्तुस्थिती अशी, की त्यातला बराचसा भाग उडून जाणारा द्राव असतो. जुनं ग्रीस तो पातळ करून भलत्या जागी नेतो, स्वतः उडून जातो आणि काही दिवसांनी यंत्र पुन्हा आखडतं. मधल्या काळात पट्ट्यावर आणि फिल्मच्या वाटेवर तेलाचे डाग पडतात ते वेगळेच. जुनं ग्रीस लाकडी काडीने खरवडून, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने पुसून काढावं लागतं. त्याला पर्याय नाही. अनेक मोटरींचे बुश सच्छिद्र कांस्याचे असतात आणि तेल स्वतःत मुरवून ठेवतात. शिवणयंत्राच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडा आणि ते रात्रभर मुरू द्या. जास्त तेल म्हणजे जास्त काळजी, असं इथे मुळीच नाही.

अमेरिकेतल्या नातलगांकडून आलेल्या प्रोजेक्टरांची गोष्ट निराळी. ‘२३० व्होल्टचे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर लावला की झालं’ असं सर्रास सांगतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. तिकडे वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. कार्बन ब्रश असलेल्या मोटरीला याचं फारसं सोयरसुतक नसतं. पण बिनब्रशची इंडक्शन मोटर फ्रिक्वेन्सीच्या तालावर चालते, म्हणून ती साधारण एक षष्ठांशाने मंदावते. सुपर ८ ची फिल्म सेकंदाला १८ चौकटींनी चालायची, ती १५ वर येते. तीन पात्यांचं शटर असेल तर पडद्यावर सेकंदाला ५४ ऐवजी ४५ झगमगाट होतात आणि चित्र लुकलुकू लागतं. शिवाय अशी मोटर जास्त तापते. काही यंत्रांत यासाठीच ५० आणि ६० हर्ट्झची दोन मापांची पुली दिलेली असते. मोटर ‘कमजोर’ ठरवण्याआधी पट्टा कोणत्या खाचेत आहे ते बघा.

ब्रशच्या मोटरीत ठिणग्या दिसल्या की लोक घाबरतात. बारीक निळसर ठिणग्या नेहमीच्याच असतात. कम्युटेटरभोवती गोल फिरणारी मोठी ठिणगी मात्र वाईट. तेव्हा कार्बन झिजलेत का, त्यांच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्यात का ते तपासा. कार्बन काढताना कोणता कुठून आणि कोणत्या बाजूने निघाला याची खूण करा, कारण तो कम्युटेटरच्या गोलाईत बसलेला असतो. कम्युटेटर एमरी पेपरने घासू नका. त्याचे कठीण कण तांब्यात रुततात आणि पुढे कार्बन झिजवत राहतात.

धूर निघाला म्हणजे मोटर गेली, हेही खरं नाही. रेडिओत खरखर येऊ नये म्हणून जुन्या यंत्रांत कागदी कपॅसिटर बसवत. दशकांनंतर तो फुटून उग्र धूर सोडतो. जाणकाराकडून तो बदलून घ्या, मोटर बहुधा शाबूत सापडेल. आणि रीळ गुंडाळलं जात नसेल तर आधी पट्टा बघा. जुनं रबर डांबरासारखं चिकट होऊन पुलीला लपेटलेलं असतं.

कधी दोष यंत्राचा नसतोच. रिळाच्या डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल, तर फिल्मचा ॲसिटेट पाया विघटित होतो आहे. अशी फिल्म आकसते, भोकं दात्यांशी जुळत नाहीत, चित्र अडखळतं आणि बोल मोटरीला लागतो. ती फिल्म प्रोजेक्टरवर चढवूच नका. आधी स्कॅन करून घ्या.

दुरुस्तीनंतर लगेच घरचं रीळ लावायचा मोह आवरा. थंड हवेचा पंखा बहुतेक यंत्रांत त्याच मोटरीवर चालतो. मोटर मंदावली की दिव्याची उष्णता थेट फिल्मवर येते आणि अडकलेली चौकट डोळ्यांदेखत वितळते. म्हणून दिवा न लावता यंत्र पंधरा मिनिटं रिकामं चालवा. मग टाकाऊ फिल्मचा तुकडा लावून बघा. आजोबांच्या अंगणातलं, आईच्या लग्नातलं रीळ त्यानंतर. त्याची दुसरी प्रत बहुतेक घरांत नसते.