बरोक संगीताच्या जुन्या ध्वनिमुद्रिका : प्रत्यंकन आणि पुनरुद्धार

१९४८ साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी, बारीक खाचेची व्हिनाइलची ध्वनिमुद्रिका प्रचारात आणली. लाखेच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांचेच वादन मावत असे; आता वीस मिनिटांहून अधिक मावू लागले. बाख, व्हिवाल्डी प्रभृतींच्या प्रदीर्घ रचना अखंड ऐकण्याची सोय त्यामुळे झाली. वांडा लांडोवस्का यांनी बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हिअर’चे हार्पसिकॉर्डवरील ध्वनिमुद्रण १९४९ ते १९५४ या काळात केले, ते याच माध्यमासाठी. वादनपरंपरेच्या अभ्यासकास अशा ध्वनिमुद्रिका म्हणजे प्रथम दर्जाचे साधन होत. मूळ ध्वनिफीत उपलब्ध असेल तर तीच अधिक ग्राह्य. परंतु ती नष्ट वा अप्राप्य असेल तेथे ध्वनिमुद्रिकेवरूनच प्रत तयार करावी लागते. ही प्रत कशी सिद्ध होते आणि तिच्यावर कितपत विसंबावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पहिली पायरी स्वच्छतेची. खाचेत बसलेली धूळ सुईखाली येताच टक् असा आवाज करते. व्हिनाइलची ध्वनिमुद्रिका ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य क्षालक मिसळून धुतात व ते पाणी शोषून घेतात. लाखेच्या ध्वनिमुद्रिकेस मात्र मद्यार्काचा स्पर्शही होऊ देऊ नये, कारण लाख त्यात विरघळते.

त्यानंतर सुईची निवड. प्रारंभीच्या एकमार्गी दीर्घ ध्वनिमुद्रिकांसाठी सुमारे २५ मायक्रॉन त्रिज्येच्या टोकाची सुई योजीत असत. पूर्वीच्या वादनांनी खाचेच्या भिंती एका विशिष्ट उंचीवर झिजलेल्या असतात. किंचित भिन्न त्रिज्येची सुई घेतल्यास ती भिंतीच्या न झिजलेल्या भागास टेकते आणि ध्वनी पुष्कळ निर्मळ येतो. ध्वनिमुद्रिका एकमार्गी असली तरी खाचेच्या दोन्ही भिंती स्वतंत्रपणे मुद्रित कराव्यात. संगीत दोहोंवर सारखेच असते, खरखर मात्र सारखी नसते. म्हणून पुढे दोन्हींची बेरीज करणे किंवा चांगली भिंत तेवढी निवडणे शक्य होते.

तिसरा प्रश्न समतोलन-वक्राचा. खाच कोरताना खालचे स्वर दाबून व वरचे उठवून मुद्रित करतात. वाजविताना नेमकी उलट क्रिया करावी लागते. १९५४ साली अमेरिकेत एक सामान्य प्रमाण ठरले; त्यानुसार १०,००० हर्ट्‌झ येथे सुमारे १४ डेसिबेल घट करावयाची असते. तत्पूर्वी कोलंबियाच्या दीर्घ ध्वनिमुद्रिकांसाठी ही घट १६, तर अमेरिकन ध्वनि-अभियंत्यांच्या संस्थेच्या प्रमाणानुसार १२ डेसिबेल होती. चुकीचा वक्र लावल्यास हार्पसिकॉर्डचा ध्वनी अकारण तीक्ष्ण किंवा मंद होतो, आणि अभ्यासक तो गुण वाद्याचा समजून बसतो. केवळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षावरून वक्र ठरविता येत नाही. त्याच ध्वनिमुद्रणासाठी खाच पुढे नव्याने कोरलेली असू शकते. यास्तव खाचांच्या शेवटी कोरलेला साच्याचा क्रमांक नोंदविणे अगत्याचे आहे.

गतीचा प्रश्न बरोक संगीतात विशेष नाजूक आहे. अन्यत्र ‘अ’ स्वर ४४० हर्ट्‌झ धरून गती पडताळता येते. पण जुनी ऑर्गने आणि काही वादकसमूह वेगळ्या पट्टीत लावलेले असतात. ४१५ आणि ४४० यांतील अंतर सुमारे ६ टक्के, म्हणजे अर्धस्वराएवढे, आहे. तेव्हा पट्टी ‘दुरुस्त’ करण्याच्या भरात खरी ऐतिहासिक पट्टीच पुसली जाण्याचे भय असते. मध्यछिद्र केंद्रात नसेल तर प्रत्येक फेऱ्यास, म्हणजे दर १.८ सेकंदांनी, स्वर चढतो-उतरतो. व्हायोलिनच्या कंपित स्वरात हा दोष काहीसा झाकला जातो; हार्पसिकॉर्डच्या स्थिर स्वरात तो तत्काळ कानास खटकतो. ध्वनिमुद्रिका केंद्रात आणून पुन्हा वाजविणे हाच त्यावरील उत्तम उपाय होय.

यानंतर पुनरुद्धार. संगणक टक्-आवाज शोधून तो भाग काढतो व आजूबाजूच्या ध्वनीवरून रिकामी जागा भरून काढतो. परंतु हार्पसिकॉर्डची तार नखीने छेडली जाते. तिचा आरंभही आकस्मिक व उच्च कंपनसंख्यांनी भरलेला असतो. यंत्रास छेड आणि ओरखडा यांतील भेद नेहमीच कळतो असे नाही. खरखर अति दाबल्यास ऑर्गनचा स्वर थांबल्यावर चर्चमध्ये विरत जाणारा नादही लोप पावतो. परीक्षेचा एक साधा मार्ग आहे : जे काढून टाकले तेवढेच वेगळे ऐकावे. त्यात केवळ खरखर असेल तर ठीक. त्यात रचनेची लय ऐकू आली तर संगीतच काढले गेले, असे निश्चित समजावे.

म्हणूनच मूळ प्रत्यंकन कोणताही संस्कार न करता, शक्यतो ९६ किलोहर्ट्‌झ व २४ बिट या प्रमाणात जतन करावे आणि पुनरुद्धृत प्रत त्याहून वेगळी ठेवावी. सुई, गती, वक्र आणि केलेले संस्कार यांची नोंद प्रतीसोबत असावी. ध्वनिमुद्रणावरून वादनाची लय किंवा वाद्याचा ध्वनिगुण मोजणाऱ्या विद्यार्थ्याने प्रथम ही नोंद मागावी. तिच्या अभावी तो जे मोजील त्यात वादक किती आणि पुनरुद्धारक किती, हे सांगण्यास कोणतेही साधन उरत नाही.