परसदारी करटोली

मृगाच्या सरी पडल्या की सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना रानभाज्यांचा हंगाम सुरू होतो. टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळे यांच्यामागोमाग श्रावणाच्या सुमारास करटोली बाजारात येतात. कोणी त्यांना करटुली म्हणतात, कोणी कंटोली, तर कोणी रानकारली. शास्त्रीय भाषेत या वेलाचे नाव मोमॉर्डिका डायोइका असे आहे. कारल्याचाच हा भाऊबंद. परंतु फळ लहान, अंगावर मऊ काटे असलेले आणि चवीला फारसे कडू नसलेले.

या फळास बाजारात चांगली मागणी असते. त्यामुळे दूरदूरच्या रानांतून ते गोळा केले जाते. मात्र फळाबरोबर वेलाचा कंदही उपटला गेला, तर पुढील वर्षी त्या जागी वेल उगवत नाही. म्हणून करटोली परसात आणणे हे घरच्या ताटाच्या आणि रानाच्याही हिताचे आहे. हे काम अवघड नाही; परंतु त्यात एक मेख आहे. ती प्रस्तुत लेखकास एका फसलेल्या प्रयोगातून कळली.

एक फसलेला मांडव

नोकरीच्या प्रारंभीच्या काळात डोंगरपायथ्याच्या एका गावी एका विधवा भगिनीस मी करटोलीचे कंद लावण्याचा सल्ला दिला. रानातून आणलेले चार कंद तिने उन्हाळ्याच्या अखेरीस परसात लावले, शेणखत घातले, गड्याला मजुरी देऊन बांबूंचा मांडव घातला. वेल मांडवभर पसरले, पिवळी फुलेही भरपूर आली. पण फळ एकही धरले नाही. भाद्रपदात मी तेथे गेलो तेव्हा ती म्हणाली, "साहेब, येल लई माजला, पण बाजारला न्यायला एक फळ गावलं नाही."

मी खताचा आणि किडीचा विचार करीत उभा होतो. तेवढ्यात शेजारच्या एका वृद्ध आजीने फूल हाती घेऊन सांगितले, "अवो, हे समदे नर हायेत. नराला कुठं फळ लागतंय?"

आजीचे म्हणणे अगदी खरे होते. करटोलीत नर आणि मादी वेल निरनिराळे असतात, हे मी महाविद्यालयात शिकलो होतो. पण कंद देताना ते तपासून पाहिले नव्हते. त्या भगिनीचा एक हंगाम आणि मांडवाचा खर्च माझ्या चुकीमुळे वाया गेला. अशी चूक इतरांकडून होऊ नये, हाच या लेखाचा हेतू आहे.

नर-मादी कसे ओळखावे

पाने किंवा कंद पाहून हा भेद खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी फुलेच पाहावीत. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली लहानसे काटेरी फळ पहिल्या दिवसापासूनच दिसते. नर फुलाखाली असे फळ नसते. त्याचा देठ बारीक व लांब असून फुलालगत टोपीसारखे एक छोटे पान असते.

फुले असताना रानात जाऊन मादी वेलाच्या बुंध्याशी लाल आणि नर वेलाच्या बुंध्याशी पांढरी चिंधी बांधावी व शेजारी खुंटी ठोकावी. पावसाळा सरल्यावर वेल वाळून जातो, पण कंद जमिनीत जिवंत राहतो. उन्हाळ्यात खुणेप्रमाणे कंद काढावेत. एका ठिकाणचे सर्व कंद कधीही काढू नयेत. वन जमिनीतून कंद आणावयाचे असल्यास ग्रामसभेचा व वनखात्याचा विचार आधी घ्यावा. कंदमुळांचा समावेश गौण वनोपजात होतो, आणि वनहक्क कायदा, 2006 अन्वये त्यावर वननिवासी बांधवांचा हक्क आहे.

बियांपासूनही वेल येतात. परंतु बीचे कवच टणक असल्याने ते उगवण्यास वेळ लागतो, आणि उगवलेल्या वेलांपैकी सुमारे निम्मे नर निघतात. म्हणून कंदच सोयीचे.

लागवड व निगा

1. पाण्याचा निचरा होणारी, कुंपणालगतची जागा निवडावी. पाणी साचल्यास कंद कुजतात.

2. मे महिन्यात दीड ते दोन मीटर अंतरावर 30 सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डे घ्यावेत. प्रत्येक खड्ड्यात एक घमेले कुजलेले शेणखत मातीत मिसळून भरावे.

3. पावसाच्या तोंडावर कंद लावावेत. शेतावर आठ ते दहा मादी वेलांमागे एक नर वेल ठेवतात. घरच्या परसात पाच-सहा माद्या व एक नर पुरे होतो.

4. वेलास कुंपणाचा किंवा मांडवाचा आधार द्यावा.

5. या वेलाची फुले सायंकाळी उमलतात. फळधारणा कमी वाटल्यास, ताजे नर फूल तोडून त्यातील पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच लावावेत. हे काम घरातील मुलेही करू शकतात.

6. फळमाशीने डंख केलेली फळे तोडून खोल पुरावीत. परसात टाकून देऊ नयेत.

फळे हिरवी व बी कोवळे असतानाच तोडावीत. पिवळसर झालेल्या फळातील बी टणक होते. वेल वाळल्यावर कंद तेथेच राहू द्यावेत, जागेवर खूण ठेवावी व पाणी देऊ नये. पुढल्या पावसाबरोबर ते पुन्हा फुटतात.

सावधगिरी

रानातील प्रत्येक वेल खाण्याजोगा नसतो. कवंडळाचा वेल करटोलीसारख्याच झुडपांवर चढतो. त्याची फुले पांढरी व झालरीची असतात, तणावे टोकाशी दुभंगलेले असतात आणि फळ गुळगुळीत असून पिकल्यावर लाल होते. ते विषारी आहे. करटोलीचे फूल पिवळे, तणावा साधा व फळ काटेरी असते. कळलावीचा कंद तर प्राणघातक आहे. तिच्या पानाचे टोकच तणाव्यासारखे वळलेले असते. म्हणून फुलावरून ओळख पटलेली नसताना कोणताही कंद घरी आणू नये. शंका असेल तेथे गावातील जाणत्या स्त्रियांना विचारावे. त्यांचे ज्ञान पुस्तकापेक्षा कमी नाही, हे मला त्या आजीने शिकविले.

कार्यकर्त्यांना विनंती

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी येत्या श्रावणात गावातील जाणत्या भगिनींसह एक फेरी काढावी, नर-मादी वेलांवर चिंध्या बांधाव्यात आणि उन्हाळ्यात निदान पाच घरांना खूण केलेले कंद मिळवून द्यावेत. ज्या भगिनीचा मांडव रिकामा राहिला होता, तिला पुढील वर्षी आम्ही खूण केलेल्या मादी वेलांचे पाच कंद दिले आणि जुना एक नर तेथेच ठेवला. त्या पावसाळ्यात तिने पहिली टोपली बाजारास नेण्यापूर्वी ओंजळभर करटोली शेजारच्या आजीच्या घरी पोचविली.