माडाचा सोंड्या व त्याचे सोबती

तांदुळांत होणारे सोंडे लालबाग-परळच्या प्रत्येक बिऱ्हाडास ठाऊक असतात. परंतु त्यांचाच एक भाऊबंद उभा माड आंतून पोखरतो, हें गिरगांव-दादरच्या ज्या वाड्यांत अद्याप चार माड शिल्लक आहेत, तेथेंही फारसें कोणास माहीत नसतें. केळीच्या कांद्यांतील काळा सोंडकिडा त्याच कुळांतला.

माडावरील सोंड्या तांबूस रंगाचा, सुमारें सव्वा ते दीड इंच लांब असतो. टणक खोड फोडणें त्यास जड जातें; त्यास आयती जखम हवी. ती बहुधा गेंड्या भुंगा करून देतो. हा रात्रीं येऊन न उघडलेला कोंब पोखरतो, म्हणून पुढें उमलणाऱ्या झावळ्या कातरल्यासारख्या दिसतात. त्या घायाच्या आंबूस वासावर सोंड्याची मादी येते. (माडाच्या आंबलेल्या रसाचा लोभ केवळ माणसासच आहे असें नाहीं.) ती दोनतीनशें अंडीं घालते. बिनपायांच्या अळ्या गाभा खात खोल जातात. भोंकांतून तपकिरी रस व चोथा गळतो. खोडास कान लावला तर कुरतडणें ऐकूं येतें. शेंडा कलल्यावर मात्र उपाय उरत नाहीं. मेलेला माड वाडींत पडून कुजला कीं त्यांतच गेंड्याची पैदास होते व शेजारच्या माडावर तोच फेरा सुरू होतो.

सोंड्याचा आणखी एक सोबती त्याच्या शरीरांतच राहतो. नार्डोनेला नांवाच्या या जीवाणूविषयीं २०१७ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, भुंग्याचें कवच टणक होण्यास लागणारें टायरोसीन हें द्रव्य तयार करणें, एवढेंच त्याचें काम उरलें आहे. तांदुळांतल्या सोंड्याजवळ हा जुना बिऱ्हाडकरू राहिला नाहीं. त्याच्या जागीं दुसरा जीवाणू आला आहे.

१९८० नंतर हा भुंगा रोपांबरोबर आखातांतील खजुरींत व पुढें १९९० नंतर स्पेनमध्यें शिरला, यास्तव रोपें आणतांना नीट पारखावींत.

आपल्याकडे विशेष जपावयाचे ते पांच ते वीस वर्षांचे माड. पावसाळ्यापूर्वीं झावळ्या उतरवितांना गडी खोडालगत कोयता मारतात, हें मोठें अनिष्ट होय. सुमारें चार फूट देठ राखून झावळी तोडावी, म्हणजे टोंकांतून शिरलेली अळी खोडापर्यंत पोहोंचत नाहीं. खोडावरील जखमांस डांबर लावावें. उकिरड्यांत गेंड्याच्या अळ्या दिसल्यास मेटारायझियम ही हिरवी बुरशी मिसळावी. मेलेला माड मात्र त्याच आठवड्यांत तोडून, चिरून जाळावा.